रेग्युलेटर घरी उघडायचाय? आधी गेज, मग पाना

जून लागला की मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग बंद होतं, गोव्याच्या ग्रँड आयलंडच्या बोटी थांबतात, आणि ऑक्टोबरपर्यंत आपलं गियर कपाटात दमट हवा खात पडून राहतं. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र, सिलिंडरवर बसते ती फर्स्ट स्टेज, तोंडात धरतो ती सेकंड. त्याची सर्व्हिसिंग शिकायची असेल तर हेच चार महिने. काही चुकलं, एखादी ओ-रिंग मिळाली नाही, पार्ट यायला तीन आठवडे लागले, तरी उद्या सकाळी कुठे पाण्यात उतरायचं नसतं.

मी मात्र शिकलो ते भर सीझनमध्ये, ट्रिपच्या आदल्या संध्याकाळी. मुर्डेश्वरला पोचलो होतो, सकाळी नेत्राणी बेटाची बोट, सिलिंडरला रेग्युलेटर लावून बघितला तर सेकंड स्टेज बारीक फुसफुसतेय. आता फुसफुसतेय सेकंड म्हणजे बिघाड तिथेच असणार ना, असं समजून मी होज (हवेची नळी) काढला आणि आतलं ऑरिफिस, म्हणजे हवा जिथून येते ती फिरवता येणारी नळकांडी, पाव वळसा आवळलं. आवाज बंद, मी खूश. सकाळी परत तेच, परत आवळलं, आता आवाज बंद झाला पण श्वास ओढायचा म्हणजे नारळपाण्यात बुडलेल्या चपट्या स्ट्रॉने मलई ओढण्यातला प्रकार. बोटीवरच्या एका जुन्या इन्स्ट्रक्टरने काही न बोलता बॅगेतून एक छोटं गेज काढलं आणि माझ्या बीसीडीच्या (तरंगायच्या जॅकेटच्या) हवा भरायच्या इन्फ्लेटर होजला लावलं. काटा साडेनऊ बारला गेला, क्षणभर थांबला, आणि मग सरकत सरकत दहा, अकरा, साडेअकरा. "फर्स्टची सीट गेलीय तुझी, तू सेकंडला कशाला छळतोयस?"

त्या दिवशी भाड्याच्या रेग्युलेटरवर डाइव्ह केली. घरी येऊन सेकंड उघडली तर पॉपेटच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेच्या, रबरी सीटवर मी आवळून आवळून पाडलेली खोल गोल खाच. म्हणजे दोन पार्टचा भुर्दंड, त्यातला एक तर निव्वळ माझ्या हाताच्या खाजेचा. तेव्हापासून माझा नियम एकच, गेज लावून काय बिघडलंय ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

आत काय चालतं

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार प्रेशर असतं. फर्स्ट स्टेज ते उतरवून आजूबाजूच्या प्रेशरपेक्षा ९ ते १० बार जास्त, म्हणजे १३० ते १४५ पीएसआय, एवढ्यावर आणते. याला इंटरमीडिएट प्रेशर म्हणतात, सगळे आयपी म्हणतात. होजमध्ये हे आयपी कायम भरून असतं, आणि तुम्ही श्वास ओढला की सेकंड स्टेज तेवढ्यापुरती उघडून हवा पाण्याच्या प्रेशरला देते. दर १० मीटरला पाण्याचं प्रेशर १ बारने वाढतं आणि आयपीही त्याबरोबर वर जातं, म्हणून खोलवर गेलो तरी हवा मिळत राहते.

शिकायला सगळ्यात सोपा म्हणजे अनबॅलन्स्ड पिस्टनवाला फर्स्ट स्टेज, स्क्युबाप्रोचा एमके २ हा त्या जातीचा. हलणारा पार्ट एकच, पिस्टन. एका बाजूला रुंद डोकं, दुसऱ्या बाजूला बारीक पोकळ दांडा, आणि दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची सीट, जी बॉडीतल्या एका गोल कडेवर टेकते. स्प्रिंग आणि बॉडीच्या भोकांतून आत येणारं समुद्राचं पाणी पिस्टनला उघडा ठेवायला बघतात, तर पोकळ दांड्यातून डोक्याच्या वर पोचलेली हवा त्याला दाबून बंद करते. या भांडणात जिथे बरोबरी होते ते तुमचं आयपी. आता सीटवर किंवा त्या कडेवर चरा असेल तर पिस्टन बंद होऊनही हवा झिरपत राहते आणि आयपी चढत जातं. यालाच क्रीप म्हणतात, माझ्या गेजवर दिसलं ते हेच.

आणि सेकंड स्टेज तेव्हा का फुसफुसते? साध्या डाउनस्ट्रीम सेकंडमध्ये स्प्रिंग पॉपेटला बंद धरते आणि हवा त्याला उघडायला ढकलत असते. आयपी प्रमाणाबाहेर चढलं की हवा जिंकते आणि जास्तीची हवा बाहेर, कुकरच्या शिट्टीसारखी. ती मुद्दाम तशी बनवलेली असते. मी ऑरिफिस आवळून काय केलं, तर शिट्टीच दाबून धरली.

कोणी या भानगडीत पडू नये

गियर वॉरंटीत असेल तर थांबा, बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी अधिकृत सर्व्हिसवरच टिकते आणि सर्व्हिस किटही त्या अधिकृत डीलरलाच देतात. काही मोजक्या कंपन्या डायव्हरला सर्व्हिसचा कोर्स आणि पार्ट देतात, पण सगळीकडे तसं नाही. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि नेमकी त्याच मॉडेलची किट, या दोन्ही गोष्टी हातात नसतील तर उघडू नका, "साधारण अशीच दिसते" म्हणून लावलेली सीट चालत नाही. दुसऱ्याचं, भाड्याचं, गिऱ्हाइकाचं गियर तर नाहीच. ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन वापरत असाल तर ऑक्सिजन क्लीनिंग हा वेगळाच अभ्यास आहे, तो या लेखात नाही. सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्हही सोडून द्या, त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) नागपूरच्या पेसो या सरकारी संस्थेची मान्यता असलेल्या ठिकाणीच होते.

सामान

पहिली खरेदी आयपी गेज, इन्फ्लेटर होजला खटकन बसणारं. स्क्रू ड्रायव्हरच्या आधी हे घ्या. सर्व्हिस नाही केली तरी दर ट्रिपला उपयोगी पडतं.

मग सर्कलिप (स्प्रिंगसारखी अडकवायची रिंग) काढायचा प्लायर, ॲलन की, होजसाठी ९/१६ इंची पाना, सेकंडसाठी ऑरिफिस फिरवायचा इनलाइन टूल, आणि एलपी (लो प्रेशर) पोर्टमध्ये, म्हणजे होज बसतो त्या भोकात, फिरवून बसणारा एक हँडल, म्हणजे व्हाइसमध्ये हँडल धरायचा, बॉडी नाही. ओ-रिंग काढायला पितळेचा किंवा प्लास्टिकचा पिक. डेंटिस्टचे स्टीलचे हूक छान दिसतात, हातात छान बसतात, आणि पितळेवर एका सेकंदात असा चरा पाडतात की अख्खी बॉडी बाद. घड्याळजीचं १० पटीचं भिंग लागतंच.

पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंग ढिगाने मिळतात आणि मोहही होतो. सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडाची एएस ५६८ (ओ-रिंगच्या मापांचं मानक) ची ०१४ नंबरची ओ-रिंग एक्स्ट्रा म्हणून तिथून घेतली तरी नंबर आणि कडकपणा दोन्ही विचारून घ्या, नायट्राइल ७० आणि ९० दिसायला जुळी भावंडं असतात. फर्स्ट स्टेजच्या आतल्या ओ-रिंग मात्र किटमधल्याच.

ग्रीस ऑक्सिजन चालणारं, क्रिस्टोल्यूब किंवा ट्रायबोल्यूब. डबी महाग वाटते पण माझी पहिली डबी अजून चालूये.

आणि एक इडलीपात्र. खरंच सांगतोय. पार्ट ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवायचे, जोडताना उलटं यायचं. घरचं जुनं पात्र एकदा घेतलंत की ते परत स्वयंपाकघरात जात नाही, त्यामुळे आधी विचारून घ्या.

न उघडता तपासणी

यावर अख्खी संध्याकाळ घालवा, हीच खरी सर्व्हिसिंग.

सिलिंडर न लावता फर्स्टच्या तोंडावर डस्ट कॅप घट्ट बसवा, माउथपीस तोंडात धरून ओढा. हवा अजिबात आली नाही पाहिजे, जीभ चिकटून राहिली पाहिजे. बारीक हवा येत असेल तर डायफ्रॅम (सेकंडमधला रबरी पडदा) फाटलाय, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दुमडलाय किंवा माउथपीसला झिप टायच्या खाली चीर आहे. पाण्यात "सेकंडमध्ये थोडं थोडं पाणी येतं" ही तक्रार दहातल्या बऱ्याच वेळा इथेच सापडते, आणि त्याला आतलं काहीही उघडावं लागत नाही.

मग फिल्टर बघा, सिलिंडरच्या बाजूने आत डोकावलं की दिसतो. स्वच्छ करडा-सोनेरी असेल तर ठीक. हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलंय, बहुतेक कुणीतरी डस्ट कॅप न लावता धुतलाय. तांबूस भुकटी म्हणजे स्टीलच्या सिलिंडरातला गंज, काळपट म्हणजे कॉम्प्रेसरची हवा घाण होती.

आता सिलिंडर लावा. सेकंड स्टेज जोडलेलीच राहू द्या, हे ठळक अक्षरात वाचा. नुसतं गेज लावून फर्स्टला प्रेशर दिलं आणि सीट गळत असली तर चढणारं प्रेशर जायला वाटच नाही, मग होज किंवा गेज फुटतं. सेकंड असली तर ती शिट्टी मारून मोकळी होते. व्हॉल्व्ह हळू उघडा, प्रेशर गेजची काच तोंडासमोर धरू नका.

पर्ज बटण, म्हणजे सेकंडच्या पुढचं हवा सोडायचं बटण, चार-पाच वेळा दाबा आणि आयपी गेजचा काटा बघा. दाबल्यावर तो खाली येतो, सोडला की टणकन वर जाऊन एका जागी थांबला पाहिजे. मॅन्युअलमधल्या रेंजमध्ये थांबला आणि तिथेच राहिला तर फर्स्ट स्टेज तंदुरुस्त. चहा करून या, दहा मिनिटांनी परत बघा. तीन-चार पीएसआय इकडेतिकडे चालतं, सतत चढत असेल तर सीट किंवा कड. अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडर रिकामा होत जाईल तसं आयपी थोडं उतरतं, तो बिघाड नाही, म्हणून आकडा लिहिताना सिलिंडरचं प्रेशरही शेजारी लिहा.

मग अख्खा सेट बादलीत बुडवा. पिस्टनवाल्या फर्स्टच्या बाजूच्या भोकांतून बुडबुडे आले तर पिस्टनच्या ओ-रिंग, होजच्या मुळाशी आले तर तिथली ओ-रिंग, प्रेशर गेजच्या फिरत्या सांध्यातून आले तर आतला स्पूल, ज्यावर ००३ नंबरच्या दोन चिमुकल्या ओ-रिंग असतात.

शेवटची टेस्ट टोपातली. सेकंडचं तोंड वर, पर्ज बटण खाली अशी आडवी धरून पाण्यात सावकाश उतरवा. एका खोलीला फुस्स होईल, डायफ्रॅमपासून पाण्याच्या पातळीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. तेच तुमचं क्रॅकिंग प्रेशर, म्हणजे हवा सुटायला लागणारी ओढ, २.५ ते ४ सेंटिमीटरच्या आसपास असलं की बरं. एकदा सुरू झाली की ती थांबणार नाही, माउथपीसवर बोट ठेवा. हे सगळे आकडे वहीत.

फर्स्ट स्टेज उघडताना

व्हॉल्व्ह बंद, पर्ज दाबून होजमधली सगळी हवा बाहेर, मग सिलिंडरवरून काढा. होज आणि प्लग काढा, कुठला कुठे होता त्याचा फोटो आधी. हँडल पोर्टमध्ये, हँडल व्हाइसमध्ये. कॅप फिरवून काढा, पिस्टन सरळ वर ओढा. अडकला तर पक्कड लावू नका, मिठाचा चिकटा असतो, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवला की सोडतो. योकच्या (सिलिंडरवर आवळायच्या क्लॅम्पच्या) बाजूने सर्कलिप काढून फिल्टर बाहेर, सर्कलिप उडते, वर टॉवेल धरा. माझी एक कूलरमध्ये सापडली, दोन महिन्यांनी.

पिस्टनच्या डोक्यावरची ओ-रिंग काढायला हत्यार लागत नाही, दोन बोटांच्या चिमटीत दाबली की एका बाजूला फुगा येतो, त्यात पिक घालून उचलायची. दांड्याची ओ-रिंग बॉडीत आतल्या खाचेत असते आणि तिथेच माणसाचा संयम संपतो. पिक रबरात टोचा, पितळेला लावू नका. ती तशीही फेकायचीय, फाटली तरी चालेल.

मग भिंग. टेबल लॅम्प बाजूला ठेवा, वरून प्रकाश नको. सीट जिथे टेकते ती कड बारीक चमकत्या वर्तुळासारखी दिसली पाहिजे. बॉडी हळूहळू फिरवा, चमक कुठे तुटतेय का बघा. तुटली तर तिथे टवका आहे आणि नवी सीट लावूनही क्रीप जाणार नाही, पार्ट बदलतो का ते मॅन्युअलमध्ये शोधा. जुन्या सीटवरही बघा, एकसारखी उथळ गोल खूण म्हणजे नेहमीची झीज, एका बाजूला आडवा चरा म्हणजे मिठाचा कण अडकला होता. एमके २५ सारख्या बॅलन्स्ड पिस्टनमध्ये उलटं असतं, धार पिस्टनच्या टोकाला आणि सीट बॉडीत, तिथे पिस्टन टेबलावर आडवा टेकवतानासुद्धा जपा. एपेक्ससारखे डायफ्रॅमवाले फर्स्ट दुसऱ्या वर्षी उघडा, पहिल्या वर्षी नाही.

धुण्यासाठी पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी अर्धं अर्धं. त्यात फक्त क्रोम केलेलं पितळ आणि स्टील, दहा-पंधरा मिनिटं, आणि शेजारी उभं राहून. चष्मा-दागिने साफ करायचं छोटं अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर त्याहून लवकर होतं. रात्रभर ठेवलंत तर क्रोम सोलून निघतं. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, रबर, सिलिकॉन, प्लास्टिक यातलं काहीही व्हिनेगरमध्ये नको, त्यांना भांड्यांचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश पुरे. नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात "वाळलं असेल" यावर विश्वास नको, पंख्याखाली रात्रभर.

जोडताना नवीन ओ-रिंगला ग्रीस एवढंच की ती ओली दिसावी, पुरणपोळीवर तूप ओततो तसं नाही. जास्तीचं ग्रीस वाळू धरतं. सीटला ग्रीस अजिबात नाही. नवीन फिल्टर, सर्कलिप खाचेत पूर्ण बसली का ते फिरवून बघा, पिस्टन दाबून बसवा. होज आणि प्लग ४० इंच-पाउंड, म्हणजे साधारण साडेचार न्यूटन-मीटर, मनगटाच्या जोराने सहज होतं. बाकीचे टॉर्क मॅन्युअलमध्ये.

सेकंड स्टेज

पुढची रिंग, कव्हर, डायफ्रॅम, मग लिव्हर-पॉपेटचा सांगाडा. फार सांगण्यासारखं नाही, पार्ट मोठे आणि स्वच्छ असतात, पॉपेटची सीट आणि ओ-रिंग बदला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेखालचं मीठ-वाळू बोटाने पुसा. खरं काम ॲडजस्टमेंटचं.

नवीन सीट टाकण्याआधी ऑरिफिस बऱ्यापैकी बाहेर फिरवून ठेवा. मग आत घेताना दर वेळी पर्ज दाबून लिव्हर खाली धरा, फिरवा, सोडा. लिव्हर न दाबता फिरवलं तर ऑरिफिसची धार रबर कापत फिरते आणि नवी सीट टेबलावरच म्हातारी होते. माझी पहिली खाच तशीच पडली होती.

लिव्हरची उंची अशी की डायफ्रॅमला जेमतेम टेकेल, सेट हलवला तर अगदी बारीक खुळखुळ. उंच झाला तर कव्हर लावल्यावर सतत हवा येते, खाली गेला तर श्वास उशिरा सुरू होतो आणि हवा कमी पडते. मग फर्स्टचं आयपी नक्की झाल्यावरच, इनलाइन टूल होजच्या मध्ये लावून, गळती ऐकू येईपर्यंत ऑरिफिस बाहेर आणि मग थांबेपर्यंत आत, वर एक अष्टमांश वळसा. बास. परत टोपातली टेस्ट, परत पट्टी.

पाण्यात जाण्याआधी

नवी सीट बसायला वेळ घेते, म्हणून प्रेशरवर ठेवून पर्ज चाळीस-पन्नास वेळा दाबा, रात्री गेजसकट तासभर ठेवा. दुसऱ्या दिवशी परत आयपी बघा, थोडं बदललेलं असतं, त्यानुसार सेकंडला परत किंचित हात लावावा लागतो. सगळ्या टेस्ट पहिल्यापासून, बादलीसकट.

पहिली डाइव्ह स्विमिंग पूलमध्ये, बडीबरोबर (सोबतच्या डायव्हरबरोबर), आणि बडीचा ऑक्टोपस, म्हणजे जादाची सेकंड स्टेज, चालतो ना ते आधी बघून. तिथे उलटं व्हा, कुशीवर व्हा, जोरजोरात श्वास ओढा, दोघांनी एकाच फर्स्टवरून एकदम ओढा. मग समुद्र, आणि तोही पाच-सहा मीटरच. तारकर्लीचा उथळ किनारा त्यासाठी छान आहे.

माझ्या वहीतलं गेल्या सप्टेंबरचं पान असं आहे: सिलिंडर १९०, आयपी ९.४, दहा मिनिटांनी ९.४, तासाने ९.५. क्रॅकिंग ३ सेंटिमीटर. डाव्या होजच्या मुळाशी एक बुडबुडा, ओ-रिंग बदलली, बंद. त्याखाली वेगळ्या पेनने, नोव्हेंबरचं: नेत्राणी, दोन डाइव्ह, १८ मीटर, आवाज नाही.